वतनात इंटरव्ह्यू नव्हता

मागल्या महिन्यात विहारात मीटिंग होती. विषय होता शिकलेल्या पोरापोरींच्या नोकऱ्या. एकजण उभा राहिला. चांगला कार्यकर्ता आहे, मोर्च्यात पुढं असतो, वाचतो, बोलतो. माझ्याकडं हात करून म्हणाला, "ही आपली ताई. बारावी पास. करते काय? कोथरूडच्या म्हाताऱ्यांचं हागणं-मुतणं काढते. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सांगितलं, मेलेली ढोरं ओढायचं सोडा. शंभर वर्षं होत आली, आपण अजून तिथंच."

टाळ्या पडल्या. मी बसून राहिले. उत्तर सुचलं नाही असं नाही. पण चारचौघांत त्या विषयावर बोलायला जीभ वळेना. शिवाय दुसऱ्या दिवशी सकाळी मला इंटरव्ह्यूला जायचं होतं आणि ड्रेसला इस्त्री करायची राहिली होती. म्हणून आता लिहिते.

तो अगदीच खोटं बोलला असंही नाही. माझ्या ब्युरोच्या बाकड्यावर सकाळी आठ वाजता येऊन बघा. कोण बसलंय? आपल्या बाया. मातंग समाजाच्या बाया. नवऱ्यानं टाकलेल्या एकदोन मराठणी. झारखंडकडच्या आदिवासी पोरी, मराठी येत नाही म्हणून त्यांना पैसे अजून कमी. ज्या घरांत पेशंट आहेत त्या घरांतली बाई त्या बाकड्यावर मी आठ वर्षांत पाहिली नाही. म्हणजे कामाची जात काही गेली नाही. एवढं मला दिसतं, त्यासाठी मीटिंगला जायला लागत नाही.

पण माझं म्हणणं वेगळं आहे.

माझ्या आजीचा सासरा इंदापूर तालुक्यातल्या एका गावचा येसकर. आजी सांगायची. रात्री-अपरात्री पाटलाचा माणूस यायचा, चल चावडीवर. कुणी मेलं की सांगावा घेऊन पाच-सहा कोस अनवाणी. सरकारी पाव्हणा आला की लाकडं फोड, घोड्याला वैरण टाक. म्हातारा तापानं फणफणला तर पोरगा जाणार. पोरगा नसला तर बायको. एका माणसाचं काम नव्हतंच ते, अख्ख्या घराला लागलेलं होतं. मोबदला काय, तर दारोदार मागून आणायची भाकरी आणि खळ्यावरचं बलुतं, तेही देणाऱ्याच्या मर्जीनं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचं बिल आणलं ते ह्या सगळ्यासाठी. वतन मोडायला १९५८ चा कायदा यावा लागला. तोवर बाबासाहेब राहिले नव्हते.

लहानपणी मी आजीला विचारलं होतं, "मग तुझा सासरा नाही म्हणला नाही का कधी?" आजी हसली. "आमाला कोन इचारत हुतं गं, येतूस का म्हणून?"

माझं उत्तर इथं आहे. वतनात इंटरव्ह्यू नव्हता. काम जमतं का, असं कुणी विचारत नव्हतं. आणि आपल्यालाही विचारता येत नव्हतं, की बाबा वेळ किती, देणार काय, झोपायचं कुठं, तू माणूस कसा आहेस. काम घाण होतं हे खरंच. पण नाही म्हणायची सोय नव्हती, ती घाण जास्त होती. आजाऱ्याचं कुणीतरी काढायलाच लागतं. आपल्या घरात आपण काढतोच. ह्याच पुण्यात १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घालून यशवंताच्या दवाखान्यात नेलं. त्याच प्लेगनं १० मार्चला त्या गेल्या. त्यांना कुणी हलकं काम केलं म्हणेल का?

आता हेही सांगते, की हल्ली मालक लोक सुद्धा सावित्रीबाईंचं नाव घेतात. "ही सेवा आहे हो, ही काय पैशात मोजायची गोष्ट आहे?" असं म्हणलं की समजावं, पैसे कमी आहेत.

मी ह्या कामात आले ती आजीमुळं. ती १९७२ च्या दुष्काळात लेकरं घेऊन पुण्याला आली, ताडीवाला रोडला राहिली, बिगारी केली. २०१५ साली मोरीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आणली. घर म्हणजे दहा बाय बारा, त्यात सहा माणसं. आम्ही तिला उताणी निजवून ठेवली. सरकवायची झाली की काखेत हात घालून ओढायची. तीन आठवड्यांत माकडहाडाशी लाल चट्टा आला. आम्ही पावडर लावली. मग तिथं खड्डा पडला. मग वास. ड्रेसिंगला येणारी सिस्टर म्हणाली, दर दोन तासांनी कूस बदलली असती तर झालं नसतं हे. माझा बाप तिथंच खाली बसला. आजी २०१६ च्या पावसाळ्यात गेली. ते दोन तास माझ्या डोक्यातून जात नाहीत. आम्हाला माया होती, माहिती नव्हती.

म्हणून पुढच्या वर्षी पेशंट केअरचा कोर्स केला. तिथं कळलं की हे नुसतं रेटायचं काम नाही. लकवा झालेल्याला कपडे घालताना आधी लुळा हात घालायचा, काढताना आधी चांगला. घास तोंडाच्या चांगल्या बाजूनं द्यायचा. नळीतून भरवताना डोकं उंच, आणि भरवल्यावर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही, नाहीतर उलटून अन्न फुप्फुसात जातं. लघवीची पिशवी कायम कमरेच्या खाली. मीटिंगमध्ये बोलणाऱ्या दादाला ह्यातलं काय येतं? त्याला कमी लेखत नाही. त्याच्या आईला उद्या लकवा झाला तर तो मलाच हाक मारणार आहे.

पहिला इंटरव्ह्यू २०१८ साली. तयारी ब्युरोच्या बाईंनी करून घेतली. नखं कापलेली हवीत, केस बांधलेले, सेंट नको. हे बरोबरच आहे. मग म्हणाल्या, "तुझ्या आडनावावरून कळत नाही, ते बरंय. गाव विचारलं तर गाव सांग, पुढं बोलू नको. गळ्यातलं काढ." गळ्यात निळ्या दोऱ्यात बाबासाहेबांचं लॉकेट होतं. "आणि ती मोबाईलची ट्यून बदल." ट्यून भीमगीताची, भावानं घालून दिलेली.

मी बदलली. लॉकेट पर्सच्या चोरकप्प्यात टाकलं. बापाच्या रिक्षाचे तीन हप्ते थकले होते. हे कारण म्हणून सांगत नाही, झालं ते सांगते.

कोथरूडचा फ्लॅट. पेशंट म्हणजे ब्याऐंशी वर्षांचे आजोबा, हात-पाय थरथरायचे. सुनेनं विचारलं ते सगळं मी खाली मान घालून सांगितलं. कोर्स कुठं केला, लग्न झालंय का, मूल लहान आहे का, पाळीच्या दिवसांत देवघराकडं जायचं नाही हे चालेल ना. सगळ्याला हो. शेवटी त्या म्हणाल्या, "तुला काही विचारायचंय?" मी एकच विचारलं, "कधीपासून येऊ?"

तिसऱ्या दिवशी ओट्याच्या कडेला एक स्टीलचा कप उपडा घातलेला दिसला. "हा तुझा." मी काही बोलले नाही. सूनबाईंनी आपण होऊनच सांगितलं, "पेशंटचं सगळं करतेस ना, इन्फेक्शन नको म्हणून हो." मला पटलं सुद्धा. मग आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपीचा मुलगा यायचा. तोही आजोबांना धरायचा, चालवायचा, त्यांची लाळ त्याच्या बाहीला लागायची. त्याला चहा चिनी मातीच्या कपात, बशीसकट. तेव्हा इन्फेक्शनचं आडनाव मला कळलं.

मुंबईच्या गिरण्यांत आपल्या लोकांना विणकाम खात्यात घेत नसत. धागा तुटला की थुंकीनं ओला करून जोडायला लागायचा, आणि आपली थुंकी बाकीच्यांना चालत नव्हती. त्या खात्यात पगार जास्त. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न धरला. आता थुंकी त्यांची असते आणि पुसणारा रुमाल आपल्या हातात. कप मात्र अजून वेगळा.

तिथं मी दोन वर्षं काढली. आजोबा चांगले होते, त्यांच्यासाठी राहिले असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे दुसरीकडं बरं असेल असं वाटत नव्हतं. मग मार्च २०२० आला. लॉकडाऊन. सूनबाई म्हणाल्या, "आता घरी गेलीस तर परत यायचं नाही. आणि आत्ता तुला काम कोण देणार?" बारा तासांची ड्युटी एका रात्रीत चोवीस तासांची झाली. पैसे तेच. ताडीवाला रोडला रुग्ण वाढत होते, आमच्या गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकले होते. बापाला ताप आला. भाऊ फोनवर रडत होता आणि मी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभी. एकाहत्तर दिवसांनी घरी गेले. बाप वाचला. पण एकाहत्तर दिवस मी येसकरीण होते. तेही मीच पत्करलेली. सुट्टीचं, घरी अडचण आली तर काय, हे इंटरव्ह्यूत मी विचारलंच नव्हतं. त्यांनी तरी कशाला सांगावं?

त्यानंतर मी विचारायला शिकले. एकदम नाही. चुकत, काम घालवत.

वस्तीतल्या पोरी हल्ली माझ्याकडं येतात, ताई उद्या इंटरव्ह्यू आहे, काय बोलू? मी म्हणते, बोलायचं सोपं आहे. आधार कार्ड, पोलीस व्हेरिफिकेशन, कोर्सचं सर्टिफिकेट, पूर्वीच्या घरचा फोन नंबर, एवढं फाईलीत घाल. सगळ्याची झेरॉक्स दे. ओरिजिनल कुणाच्याही हातात ठेवू नको, ब्युरोच्या तर नकोच. एकदा त्यांच्या कपाटात गेलं की ते सर्टिफिकेट राहत नाही, तुझा कासरा होतो. जे येत नाही ते येतं म्हणू नको. इंजेक्शन कोण देणार, हे तूच विचार. हल्ली पैसे वाचवायला नर्सचं काम आपल्याकडून करून घेतात, आणि डोस चुकला की पोलीस आपल्या दारात.

खरी तयारी पुढं आहे. घर बघायची.

घर बघायला फाटकापासून सुरुवात करावी. वॉचमनला विचारावं, आधीची बाई किती दिवस टिकली. जिना झाडणाऱ्या मावशीला विचारावं. ह्या दोघांना त्या बिल्डिंगचं जेवढं कळतं तेवढं सोसायटीच्या चेअरमनला कळत नाही. वर गेल्यावर आधी पेशंट बघायला मागावा. पेशंट न दाखवता पगार ठरवायला बसतात तिथं काहीतरी लपलंय. पेशंटचं वजन किती, आणि उचलायला दुसरं माणूस आहे का? नसेल तर आपली कंबर सहा महिन्यांत जाणार, मग आपल्याला कोण उचलणार? टाचा आणि माकडहाड बघावं. जखम आधीपासून असेल तर पहिल्याच दिवशी वहीत तारीख टाकून लिहावं, फोटो काढून त्यांनाच पाठवावा. नाहीतर महिन्यानं ती जखम आपल्या नावावर. आणि घरचे लोक त्या म्हाताऱ्या माणसाशी कसे बोलतात हे कान देऊन ऐकावं. जन्म दिलेल्या आईला "ए, तोंड उघड" म्हणणारा माणूस आपल्याला काय म्हणेल?

मग तासांचं. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ साली फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली, आठवड्याचे तास चोपन्नचे अठ्ठेचाळीस झाले. आमची रोज बारा तास, सुट्टी नाही, म्हणजे आठवड्याचे चौऱ्याऐंशी. हिशेब करून बघा. घर म्हणजे फॅक्टरी नाही, म्हणून तो कायदा आमच्या दारात येत नाही. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्रात २००८ साली झाला, त्यात नाव नोंदवावं. पण तास काही तो कमी करून देत नाही. ते तोंडानं मागायला लागतात. रात्रीची ड्युटी असेल तर घरात पुरुष कोण कोण आहेत आणि आपण झोपतो त्या खोलीला आतून कडी आहे का, हे विचारायला लाजू नये. काही वावगं झालं तर २०१३ चा कायदा घरकाम करणाऱ्या बाईलाही लागू आहे, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाता येतं. पण कडी आधी बघावी.

आणि ब्युरोलाही विचारावं. पेशंटकडून रोजचे किती घेता, मला किती देता. माझी ब्युरोवाली हा प्रश्न ऐकून पाणी प्यायला उठली होती.

तर मीटिंगच्या दुसऱ्या दिवशीचा इंटरव्ह्यू. चोवीस तासांचं काम, महिना सव्वीस हजार. माझ्यासाठी फार झाले. मुलीची फी भरायची होती.

खाली वॉचमन म्हणाला, "तिसऱ्या मजल्यावर का? दोन महिन्यांत तुम्ही चौथ्या." झाडणाऱ्या मावशी बादली ठेवून जवळ आल्या. "म्हातारी गरीब हाय गं. पर पानी देत न्हाईत तिला."

हे मला माहीत होतं. पुष्कळ घरांत करतात. पाणी कमी दिलं की लघवी कमी, लघवी कमी की डायपर कमी.

वर गेले. लेक होती घरात, आणि मुलगा अमेरिकेतून फोनवर, व्हिडिओ लावून. मुलाचे प्रश्न चांगले होते, हे सांगायला हवं. "आई पडली तर आधी काय कराल?" मी म्हणलं, लगेच उचलणार नाही. शुद्ध आहे का बघेन, डोक्याला लागलंय का, हात-पाय हलवता येतात का. हाड मोडल्यासारखं वाटलं तर जागेवरच ठेवून डॉक्टरला आणि तुमच्या ताईंना फोन. तो म्हणाला, "गुड." त्याला काळजी होती. इतक्या लांबून माणूस दुसरं काय करणार? मग म्हणाला, "तुमचं मूळ गाव? म्हणजे आडनाव तसं... आपण कोण?"

"बौद्ध."

लेकीनं पंखा एकनं वाढवला. मुलगा म्हणाला, "नाही नाही, आम्ही तसलं काही मानत नाही हं. सहज विचारलं."

सहज विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ऐकून कुणी एवढं सावरून बसत नाही.

मग मी माझे प्रश्न काढले. कागदावर लिहून नेले होते. आजींचा उजवा हात-पाय गेलेला, बोलणं गेलेलं. लेक म्हणाली आईच्या खोलीतच खाली सतरंजीवर झोपायचं. ठीक. जेवण? आमचं झालं की. सुट्टी? "चोवीस तासांच्या बाईला सुट्टी कशी देणार?" संडास-बाथरूम?

"खाली पार्किंगमध्ये आहे. स्वच्छ असतं."

मी म्हणलं, "मॅडम, रात्री दोन वाजता मी तीन मजले उतरून खाली गेले आणि तेवढ्यात आजी पडल्या, तर?"

फोनवरचा मुलगा बहिणीकडं बघायला लागला. बहीण म्हणाली, "आधीच्या बायका जायच्याच की."

ह्याच्यावर मी काय बोलणार? आजींकडं बघितलं. ओठांना साल आलेली. पाण्याचा तांब्या होता, पण उजवीकडच्या स्टुलावर. गेलेल्या हाताच्या बाजूला. मी विचारलं, पाणी देऊ का? लेक गप्प बसली. मी आजींना उशीला टेकवून बसतं केलं, हनुवटी थोडी खाली घेतली, आणि चमच्या-चमच्यानं पाजलं. सगळा पेला त्यांनी संपवला. वेळ लागला. फोनवरचा मुलगा बघत होता. मी त्याला सांगितलं, "दादा, ह्यांचा तांब्या डावीकडं ठेवायला सांगा. तहान लागलेली सांगता येत नाही त्यांना. आणि पाजताना असं बसवून, चमच्यानं." मग लेकीला म्हणलं, "मला हे काम जमणार नाही."

तिला विश्वास बसेना. "पैशाचं काही असेल तर बोला." मी म्हणलं, पैशाचं नाही. चप्पल घालताना हात कापत होता माझा. सव्वीस हजार!

बसमध्ये मात्र वेगळंच सुरू झालं. मी नाही म्हणले, हक्कानं म्हणले, बाबासाहेबांनी दिलेल्या तोंडानं म्हणले. पण आजींचं काय? त्यांनी काय केलंय? मी राहिले असते तर निदान पाणी मिळालं असतं. आमच्या कामात मालक नीट नसला तरी संप करता येत नाही. गिरणीचा साचा बंद पडला तर कापड राहतं. इथं माणूस तहानलेलं राहतं. हे त्यांनाही ठाऊक असतं, म्हणून तर बाया मुकाट पार्किंगमध्ये जातात. मित्रांनो, मीटिंगमध्ये ह्याच्यावर बोला. गू कोण काढतं ह्याच्यापेक्षा हे अवघड आहे. मला ह्याचं उत्तर मिळालेलं नाही.

ब्युरोची बाई चिडली. पंधरा दिवस काम दिलं नाही. मुलीच्या फीसाठी भावाकडून उसने घेतले. मग खराडीला एका रिटायर मास्तरांकडं काम लागलं. सकाळी आठ ते रात्री आठ, रविवारी सुट्टी, अठरा हजार. बाथरूम त्यांचंच. चहा सगळ्यांच्याच कपात. पण "डब्यात मच्छी-मटण आणू नका" हे त्यांनीही सांगितलंच. तेवढं मी घेतलं. सगळं मिळत नाही. मोबाईलची जुनी ट्यून परत लावलीय. आवाज बारीक ठेवलाय, मास्तर दुपारी झोपतात म्हणून. निदान मी स्वतःला तसं सांगते.

एक काम मात्र तुम्ही करू शकता, दादा, टाळ्या वाजवणारे सगळेच. विहारात एक वही ठेवा. कुठल्या ब्युरोनं किती कापले, कुठल्या घरात संडास खाली आहे, कुठं पगार अडवला, कुठं माणुसकीनं वागवलं, ते ज्या बाया काम करून आल्यात त्यांनी येऊन सांगावं, लिहिता येतं त्यानं लिहावं. आज प्रत्येक पोरगी आंधळी जाते. मी गेले तशी.

काल रात्री खालच्या गल्लीतली पोर आली होती. एकोणीस वर्षांची, कोर्स नुकताच झालाय, आज तिचा पहिला इंटरव्ह्यू. माझा तो कागद तिनं उतरवून घेतला. वजन, कूस, कडी, संडास, सुट्टी, पाणी. घडी घातली, फाईलीत ठेवली. दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

"ताई, एवढं सगळं विचारलं तर ठेवतील का मला?"

मी म्हणलं, "माहीत नाही गं."

गळ्यातल्या लॉकेटला हात लावून ती थोडा वेळ उभी राहिली. मग ते ओढणीच्या आत घेतलं, परत बाहेर काढलं, आणि गेली. आज संध्याकाळी येते म्हणालीय.